फेरफार गाडीत, मौन कागदावर

मोटार एकदा आपल्या पैशाने विकत घेतली की ती सर्वस्वी आपली झाली, तिला रंग कोणता द्यावा, दिवे किती लावावेत, चाके कोणती बसवावीत, आसने वाढवावीत की काढावीत, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे, अशी एक भाबडी समजूत आमच्या भागातील मोटारमालकांत फार खोलवर रुजलेली आहे. घर बांधताना नगरपालिकेची परवानगी लागते, हे ज्याला मान्य असते, शेतात विहीर पाडताना चार ठिकाणी कागद करावे लागतात, हे जो मुकाट्याने सोसतो, तोच गृहस्थ गाडीच्या बाबतीत मात्र कोणास काही सांगावयाचे असते, ही गोष्टच ऐकून घेण्यास तयार नसतो. ‘गाडी माझी, पैसे माझे, मिस्त्री माझ्या ओळखीचा, यात विमा कंपनीचा काय संबंध?’ असा त्याचा रोखठोक सवाल असतो. या सवालाचे उत्तर आज आम्ही तितक्याच रोखठोकपणे देऊ इच्छितो. संबंध आहे, आणि तो अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेला बरा.

बेळगावच्या उद्यमबागेपासून खानापूर, निपाणीपर्यंतच्या रस्त्यांवर उभे राहून अर्धा तास जाणारी-येणारी वाहने न्याहाळावीत. कारखान्यातून निघाली तशीच अजून धावत आहे, अशी गाडी विरळा. कोणी पेट्रोलच्या गाडीला गॅसची टाकी बसवून घेतली आहे. कोणी पुढे लोखंडी गार्ड ठोकले आहे. कोणी मूळची चाके काढून रुंद टायरांची चकचकीत चाके चढविली आहेत. माल वाहणाऱ्या पिकअपचे फाळके हातभर उंच झाले आहेत, तर शाळेच्या मुलांना नेणाऱ्या व्हॅनमध्ये एक आडवे बाकडे अधिक आले आहे. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या हौशी तरुणांच्या गाड्यांचे सायलेन्सर तर अर्ध्या मैलावरून आपली वर्दी देतात! यांतील काही फेरफार गरजेपोटी झालेले असतात, काही काटकसरीपोटी, काही निव्वळ मिरविण्यासाठी. आम्हांस येथे हौसेवर प्रवचन झोडावयाचे नाही. हौस ज्याची त्याने करावी. प्रश्न एवढाच आहे, की यांपैकी किती जणांनी आपला फेरफार विमा कंपनीस लेखी कळविला आहे? ज्यांना ज्यांना आम्ही हा प्रश्न विचारला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही त्यांच्या घरातील दागिन्यांचा हिशेब मागत आहोत.

विम्याचा करार हा बाजारातील इतर करारांसारखा नाही, हे प्रथम नीट ध्यानी घेतले पाहिजे. बैल विकत घेताना घेणारा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. न पाहिल्यास दोष त्याचा. विम्यात मात्र ज्या वस्तूची जोखीम घ्यावयाची तिची खरी माहिती मालकापाशी असते आणि पैसे भरून देण्याची हमी घेणारा दूर कचेरीत बसलेला असतो. म्हणून कायद्याने या करारास परम सद्भावाचा करार मानले. इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशाने १७६६ साली ज्या खटल्यात हे तत्त्व मांडले, तो खटला मोठा मनोरंजक आहे. सुमात्रा बेटावरील बेंकुलेन येथील मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने, किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडल्यास भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा उतरविला. १७६० साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत होता हे मला सांगितलेच नव्हते. जोखमीवर परिणाम करणारी गोष्ट विमेदाराने आपण होऊन सांगितली पाहिजे, हे तत्त्व मॅन्सफील्डने त्या निकालात स्पष्ट केले. परंतु निकाल मात्र दिला गव्हर्नरच्या बाजूने! कारण जी गोष्ट विमा देणाऱ्याला ठाऊक होती किंवा थोडी चौकशी करून ठाऊक होऊ शकली असती, तिच्याबद्दल त्याने मागाहून कांगावा करू नये. या निकालाचा पूर्वार्ध विमा कंपन्यांच्या वकिलांना तोंडपाठ असतो. उत्तरार्धाची आठवण त्यांना क्वचितच होते. ती त्यांना करून देण्याचे काम विमेदाराचे. आणि ते त्याला करावयाचे असेल, तर प्रथम स्वतःचा कागद स्वच्छ असावा लागतो.

आता आपल्याकडील कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थाच्या जोखमीचा विमा असल्याखेरीज वाहन सार्वजनिक जागी आणता येत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. पोलीस तोच कागद मागतात. पण त्याच अधिनियमाचे कलम ५२ किती जणांनी वाचले आहे? उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे ते कलम सांगते. गॅस, वीज अशा दुसऱ्या इंधनावर गाडी चालविण्यासाठी संच बसविण्यास त्यात वाट ठेवलेली आहे. पण तीही विहित अटींवर. मंजुरीवाचून बदल झाला असेल, तर चौदा दिवसांच्या आत आर.टी.ओ. कडे तो कळविण्याचे बंधनही त्याच कलमात आहे. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ कडक लावला आणि मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल राज्याच्या नियमांच्या आधारे करता येणार नाही, असे बजावले. त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम १८२अ नव्याने लिहिले गेले, आणि बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. पुढच्या लोखंडी गार्डांविरुद्ध तर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कारवाई करण्यास कळविले होते. तरीही ती गार्डे आमच्या रस्त्यांवर निर्वेधपणे मिरवत असतात, ही गोष्ट वेगळी!

येथे एक गफलत फार वेळा होते; ती दूर करणे अवश्य आहे. विमा कंपनीला कळविले म्हणजे बेकायदा फेरफार कायदेशीर होत नाही, आणि आर.टी.ओ. ने नोंद केली म्हणजे विमा कंपनीस आपोआप कळते, असेही नाही. ही दोन दारे निरनिराळी आहेत आणि दोन्ही ठोठवावी लागतात. ज्या फेरफाराने नोंदणीपत्रातील तपशील बदलतो, जसे इंधन, रंग, आसनांची संख्या, सांगाड्याचा प्रकार, तेथे आधी आर.टी.ओ. आणि लगेच विमा कंपनी. ज्याने नोंदणीपत्र बदलत नाही पण गाडीची किंमत किंवा जोखीम बदलते, जसे महागडी ध्वनियंत्रणा, बाहेरून बसविलेली चाके, जास्तीचे दिवे, तेथे निदान विमा कंपनी. शंका असेल तेथे कळवावे. कळविल्याने कोणाचा दावा बुडाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

गॅसच्या टाकीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो. हा संच त्या त्या वाहनासाठी मान्यताप्राप्त असावा लागतो. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची ‘एआरएआय’ ही प्रमुख आहे. टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासणी करून घ्यावी लागते. नोंदणीपत्रावर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. आणि विम्याच्या पत्रात या संचाचा स्वतंत्र उल्लेख यावा लागतो. २००२ सालच्या मोटार दरपत्रकात यासाठी पंचविसावे पुरवणी-कलम होते आणि संचाच्या किमतीवर शेकडा चार हा जादा दर होता. त्रयस्थाच्या जोखमीसाठी वर ६० रुपये. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले, तेव्हा आज कंपनीकंपनीगणिक आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण हिशेबाची रीत समजण्यास तो पुरे. समजा, संच साठ हजार रुपयांचा. शेकडा चार म्हणजे दोन हजार चारशे. वर्षाकाठी एवढी रक्कम वाचविण्यासाठी आठ लाखांच्या गाडीचा विमा पणाला लावावयाचा, हा व्यवहार आमच्या व्यापारी बंधूंना कसा काय परवडतो, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. मागच्या महिन्यात डाळीच्या पोत्यामागे आठ आणे चढले तर जे बाजार डोक्यावर घेतात, ते येथे इतके उदार कसे होतात?

शिवाय एक साधी गोष्ट आहे. विमापत्रात गाडीची जी किंमत धरलेली असते, ती उत्पादकाच्या जाहीर विक्रीकिमतीवरून, वयोमानाप्रमाणे घट वजा करून काढतात: सहा महिन्यांच्या आत शेकडा ५, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, तीनच्या आत ३०, चारच्या आत ४०, पाचच्या आत ५०. या हिशेबात तुम्ही बाजारातून आणून बसविलेल्या चाकांना, संचाला, ध्वनियंत्रणेला जागाच नाही. ती स्वतंत्र सांगितल्याखेरीज, स्वतंत्र मूल्य लिहून हप्ता भरल्याखेरीज, कंपनीच्या दृष्टीने ती गाडीत नाहीतच. चोरीला गेली तर गेली. लपविल्याने जोखीम वाढते ती वाढतेच, पण ज्या वस्तूसाठी एवढा खर्च केला तीच विम्याच्या छत्राबाहेर उभी राहते!

आणि प्रत्येक फेरफाराने हप्ता वाढतोच असेही नाही. त्याच जुन्या दरपत्रकात मान्यताप्राप्त चोरीप्रतिबंधक उपकरण बसविणाऱ्यास शेकडा अडीच, कमाल पाचशे रुपयांपर्यंत, सूट होती; आणि अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी बदललेल्या गाडीस स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट होती. आज दर मोकळे असले, तरी अशी सूट मागण्याचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. पण न सांगणाऱ्याला ती कोण देणार?

आता न सांगितल्याने काय होते ते पाहू. गाडीच्या पुढच्या भागात मूळच्या दिव्यांऐवजी जास्त शक्तीचे दिवे बसविले, मिस्त्रीने मूळची तार कापून जोड दिला, फ्यूज बदलला, वर चिकटपट्टी गुंडाळली. सहा महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, बॉनेटमधून धूर निघाला आणि दहा मिनिटांत गाडीचा कोळसा झाला. विमापत्रात आग, स्फोट, आपोआप पेट घेणे, या जोखमी स्पष्ट लिहिलेल्या असतात. मालक निश्चिंत असतो. कंपनीचा सर्व्हेअर येतो. तो जळालेल्या सांगाड्यात आधी काय शोधतो? कापलेली तार! ती सापडली की त्याच्या अहवालात दोन ओळी वाढतात, आणि काही आठवड्यांनी मालकाच्या हाती इंग्रजी पत्र पडते. त्यात असे म्हटलेले असते, की आपल्या प्रस्तावातील निवेदन हाच या कराराचा पाया आहे, त्यातील उत्तरे सत्य असणे ही आमच्या जबाबदारीची पूर्वअट आहे, सबब दावा अमान्य. ही वाक्ये कंपनीने त्या दिवशी नव्याने रचलेली नसतात. ती विमापत्रातच छापलेली असतात. वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेल्या त्या कागदावर.

अशा वेळी न्यायालये नेहमीच कंपनीच्या बाजूने जातात असे समजू नये. खासगी गाडी भाड्याने वापरात असताना चोरीस गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, की चोरीशी त्या अटभंगाचा संबंध नाही, तेव्हा दावा समूळ फेटाळता येणार नाही. पंचाहत्तर टक्के द्या. २०१० साली अपघाताच्या एका प्रकरणातही तोच पंचाहत्तर टक्क्यांचा मार्ग धरला गेला. पण वाचकहो, यातील पंचवीस टक्के गेले ते गेलेच, आणि उरलेले मिळेपर्यंत किती वर्षे गेली, किती तारखा पडल्या, टॅक्सीवर पोट असलेल्या कुटुंबाने तेवढ्या काळात काय खाल्ले, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नसतो. शिवाय हे दोन्ही निकाल वापराच्या अटीविषयीचे आहेत. ज्या फेरफारामुळेच नुकसान झाले, तेथे अशी सवलत मिळेलच, या भरवशावर कोणी राहू नये.

रस्त्यावरून जाणाऱ्या तिसऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. जिच्यात आठ मुलांची सोय, तिच्यात चौदा मुले बसवून नेणारी व्हॅन उलटली, तर त्या मुलांच्या आईबापांनी कोणाकडे पाहावे? कायद्याने त्रयस्थाला बरेच संरक्षण दिले आहे. २००४ सालच्या स्वरणसिंग खटल्यानंतर, विमेदाराने अट मोडली असली तरी कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायाधिकरणे अनेकदा स्वीकारतात. पीडिताच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. पण ‘मालकाकडून वसूल करावी’ या तीन शब्दांचा अर्थ मालकाने नीट समजून घ्यावा. वसुली लाखांत असते. आणि तिचा रोख त्याच्या घरावर, दुकानावर, शेतावर असतो. तसेच महत्त्वाची गोष्ट दडवून विमा मिळविला, हा बचाव कलम १५० ने कंपनीसाठी राखून ठेवलेला आहे, हेही विसरता कामा नये.

मग लोक सांगत का नाहीत? केवळ अप्रामाणिकपणामुळे, असे आम्ही मानीत नाही. आमच्याकडे विम्याचा अर्ज मालक भरतच नाही. एजंट घरी येतो, चहा घेतो, ‘येथे सही करा, बाकीचे मी बघतो’ म्हणतो, आणि रकाने त्याच्या सोयीने भरले जातात. आता तर तोही सोपस्कार उरला नाही. मुलगा फोनवर दोन मिनिटांत नूतनीकरण करतो. गॅसचा संच बसविला आहे काय, या प्रश्नापुढे ‘नाही’ आधीच उमटलेले असते, आणि ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ या चौकटीत बोट टेकले की काम फत्ते! ते बोट म्हणजे सहीच आहे, हे मुलाला ठाऊक नसते आणि बापाने कधी सांगितलेले नसते.

आणि भाषा? ज्या कागदावर आपली सही घेतात, तो कागद सही करणाऱ्यास वाचता आला पाहिजे, ही मागणी आम्ही या पृष्ठावर इतर कारणांसाठी वर्षानुवर्षे करीत आलो आहोत; येथे ती निव्वळ व्यवहाराची बाब आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २००२ सालच्या विमेदार-हितरक्षण नियमांतच असे म्हटले होते, की प्रकरणपरत्वे कागदपत्रे घटनेने मान्य केलेल्या भाषांत उपलब्ध करून देता येतील. मराठी ही घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषा आहे. त्याच नियमांत दुसरी एक मोलाची तरतूद होती: जेथे लेखी अर्ज घेतलेला नाही, तेथे कंपनीने मिळालेली माहिती नोंदवून पंधरा दिवसांत विमेदाराकडून तिची खातरजमा करून घ्यावी, आणि जी नोंदलीच नाही ती दडविली असा आरोप करावयाचा, तर पुराव्याचा भार कंपनीवर. पुढे नियम दोनदा नव्याने लिहिले गेले. पण कंपनीने विचारावे, लिहून घ्यावे आणि मग बोलावे, हा न्याय जुना होत नाही. इंग्लंडने, ज्याच्या न्यायालयात हे परम सद्भावाचे तत्त्व जन्मले त्या इंग्लंडने, २०१२ सालच्या कायद्याने सामान्य ग्राहकावरील आपण होऊन सर्व काही सांगण्याचा बोजा काढून टाकला. कंपनीने स्पष्ट प्रश्न विचारावा, ग्राहकाने वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर द्यावे, एवढेच आता तेथे अपेक्षित आहे. आणि अनवधानाने चूक झाली, तरी दावा समूळ न बुडवता जादा हप्त्याच्या प्रमाणात कमी करण्याची सोय आहे. आपल्या संसदेस हे करण्यास कोणी अडविले आहे? हप्ता घेताना गाडीकडे ढुंकूनही न पाहणारी कंपनी दाव्याच्या वेळी भिंग घेऊन येते, हा प्रकार किती दिवस चालू द्यावयाचा?

संसद जागी होईल तेव्हा होवो. तोवर प्रत्येक मोटारमालकाने एक पत्र लिहावे. विमापत्राचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, कोणता फेरफार केला, कोणत्या तारखेस, किती किमतीचा, एवढे पुरे. गॅरेजचे पक्के बिल सोबत जोडावे. जे गॅरेज बिल देत नाही, तेथे काम देऊ नये. पत्र एजंटाच्या खिशात न देता कंपनीच्या कचेरीत द्यावे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी, किंवा ई-मेलने पाठवून उत्तर जपून ठेवावे. कंपनी जादा हप्ता मागेल तो भरावा आणि विमापत्राला जोडलेली पुरवणी, जिला कंपनीच्या भाषेत एंडोर्समेंट म्हणतात, ती हाती येईपर्यंत पाठ सोडू नये. कंपनी बदलली, तर जुन्या कंपनीस कळविले होते हे नव्या कंपनीस ठाऊक नसते, पुन्हा कळवावे. गाडी जुनी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने काय काय केले होते, हे एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे, कारण नव्या विमापत्रावर सही त्याची नसून तुमची असणार. आणि फेरफार मुळातच बेकायदा असेल, तर पत्र लिहिण्याआधी तो काढून टाकावा. व्हॅनमधले ते बाकडे तर आज संध्याकाळीच!

एवढे करूनही दावा नाकारला गेला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रथम कंपनीच्याच तक्रारनिवारण अधिकाऱ्यास लेखी कळवावे. एक महिन्यात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या लोकांसाठी ही कचेरी बंगळूर येथे आहे. तेथे फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. त्यासाठी मुदत दोन वर्षांची. या दोन्ही दारांत पहिला प्रश्न एकच विचारला जाईल: फेरफार कळविल्याचा कागद कोठे आहे?